गोड आवाजाची बाई आणि दोन कुत्रे

स्वतःची ओळख करून देणं माझ्या धंद्यात धोक्याचं असतं. तरी देतो, कारण दुसरं कोणी देत नाही.

मी गुप्तहेर आहे. पंचेचाळीस वर्षं मी शिंपीकाम केलं ते निव्वळ वेषांतर म्हणून. वेषांतर इतकं बेमालूम होतं की लोक खरोखरच माझ्याकडे कपडे शिवायला टाकत आणि वेळेवर मिळाले नाहीत तर भांडायलाही येत. त्यांच्यातल्या एकालाही संशय आला नाही. माणसाच्या कमरेला टेप लावल्याबरोबर तो खरं बोलतोय की पोट आत ओढतोय हे मला कळतं. आणि धागेदोरे जुळवायचे तर शिंप्यापेक्षा लायक माणूस कुठून आणणार?

आजवर मी तीन प्रकरणं हाताळली. पहिलं, सुई टोचू नये म्हणून घालायच्या अंगुस्तानाचं; ते हरवलं होतं. दोन दिवसांच्या कसून तपासानंतर ते माझ्याच बोटात सापडलं. दुसरं, शेजाऱ्यांच्या दारातून रोज सकाळी गायब होणाऱ्या वर्तमानपत्राचं. त्यांनी ते बंद केलं होतं, पण हे त्यांच्या तोंडून वदवून घेतलं मीच. तिसऱ्या प्रकरणाचा तपास अकरा वर्षं चालू आहे, म्हणून त्याबद्दल बोलता येत नाही.

माझं एक तत्त्व आहे: गुप्तहेरानं कुठल्याही कागदावर स्वतःची खरी माहिती ठेवू नये. वाचनालयाच्या रजिस्टरात मी निवृत्त खलाशी आहे. तिथल्या बाई मला दर वेळी प्रेमानं समुद्रावरचीच पुस्तकं काढून देतात. वाचून वाचून मला आता खुर्चीत बसल्या बसल्या मळमळतं. पण तत्त्व ते तत्त्व.

मला एक सहायक आहे. माझा मेहुणा. समोरच सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. सहायकाचं पद आपण कधी स्वीकारलेलंच नाही असं तो म्हणतो, पण रोज दहाच्या चहाला येतो आणि माझं ऐकून घेतो. पदाला आणखी काय लागतं?

आणि तिसरी आमची ही. म्हणजे माझी बायको. चाळीस वर्षं माझ्या दुकानातली सगळी काज-बटणं हिनं केली. मी शिवलेल्या कोटाला लोक नाक मुरडत, पण हिनं केलेलं काज उलटून पाहत आणि गप्प बसत. गेल्या वर्षी हिच्या उजव्या मनगटात नस दबली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं, टाके निघाले. डॉक्टरांनी बजावलं, "आता बोटांचा व्यायाम वेळेत सुरू झाला तर सुई धरता येईल. उशीर झाला तर अंगठा आखडेल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही." व्यायामासाठी आमची माणसं तुमच्याशी संपर्क साधतील, असंही कोणी तरी म्हणालं होतं. पण त्या वेळी माझं लक्ष एका संशयास्पद वॉर्डबॉयकडे होतं.

प्रकरणाला सोमवारी तोंड फुटलं.

ही गच्चीवर कपडे वाळत घालत होती. डाव्या हातानं चिमटे लावायचे तर वेळ लागतो. घरातला एकुलता एक मोबाइल माझ्या खिशात असतो. तो वाजला.

"नमस्कार," एक बाई म्हणाली. "मी सरकारी दवाखान्याच्या आरोग्य साहाय्य केंद्रातून बोलतेय. ऑपरेशननंतर घरी गेलेल्या रुग्णांची आम्ही चौकशी करतो. बाई घरी आहेत का?"

मी सावध झालो. आवाज गोड होता. सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्यांसमोर मी उभं आयुष्य घालवलंय. गोड आवाज तिथे मिळत नाही. तिथे "पुढच्या खिडकीत" मिळतं, "जेवणानंतर या" मिळतं.

"का?" मी विचारलं.

"त्यांच्या हाताच्या व्यायामाबद्दल बोलायचं होतं. आठच जागा आहेत. गुरुवारी दुपारी बारापर्यंत होकार कळवलात तर आमची एक ताई पहिल्या वेळी घरी येऊन सगळं शिकवून जाईल."

"किती पैसे?"

"काही नाही. मोफत आहे."

मी फोन ठेवला. मोफत म्हटल्यावर गुप्तहेर फोन ठेवतो.

ही खाली आली तेव्हा मी येरझाऱ्या घालत होतो. आमच्या खोलीत तीन पावलांत येरझार संपते, त्यामुळे गरगरायला होतं.

"कोणाचा फोन होता?"

"टोळीचा."

"कोणत्या टोळीचा?"

"तेच शोधतोय. तू घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? चहा ठेवा. मला पातेलं उचलवत नाही."

मी चहा ठेवला. तपासात अशी कामंही करावी लागतात.

आता कोणी म्हणेल, एका फोनचं एवढं काय? तर आमच्या चौकातल्या घड्याळजीला मागच्याच महिन्यात एका फोनवाल्यानं धुऊन काढलं होतं. "तुमचं खातं बंद पडतंय" म्हणाला, आणि उघडून देतो असं सांगून रिकामं करून गेला. घड्याळजी अजून कोणाच्या नजरेला नजर देत नाही. दुसऱ्याची घड्याळं लावून देतो, स्वतः मात्र त्या दिवसावर थांबलाय. म्हणून म्हणतो, माझा संशय वेडगळ नव्हता. संशयाच्या पुढे मी जे केलं, त्याबद्दल मात्र आमच्या घरात दोन मतं आहेत. एक हिचं आणि एक मेहुण्याचं. दोन्ही सारखीच आहेत.

मंगळवारी दहाच्या चहाला मी मेहुण्यासमोर प्रकरण मांडलं.

"पहिला मुद्दा. आवाज गोड."

"म्हणजे फसवणूक?"

"अर्थात. दुसरा मुद्दा. मागून कपात चमचा फिरवल्याचा आवाज येत होता. म्हणजे टोळी मोठी आहे. तळ ठोकून बसलीय."

"भावोजी, ऑफिसातही लोक चहा पितात."

"साखर ढवळायला एवढा वेळ? तिसरा मुद्दा, आणि हा सगळ्यांत भयंकर आहे. तिनं पैसे मागितले नाहीत."

मेहुण्यानं कप खाली ठेवला. "मग ती चोर कशी?"

"अरे, पैसे मागणारा चोर साधा चोर. न मागणारा पोचलेला!"

"म्हणजे मीही पोचलेला. महिन्यापूर्वी तुमच्या सायकलीचा ब्रेक लावला, अजून मागितले नाहीत."

मी हे कानाआड केलं. तेवढ्यात फोन वाजला. मी मेहुण्याला खूण केली, फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि मधोमध ठेवला. ही आतल्या खोलीत पडली होती. मी दार लोटून घेतलं.

"नमस्कार, काल आपला फोन मधेच कट झाला," तीच बाई. "बाईंना द्याल का? आधी माहिती पडताळून घेते. त्यांचं वय एकावन्न, बरोबर?"

मी मेहुण्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. ही सहासष्ट वर्षांची आहे.

"पुढे बोला," मी म्हणालो.

"राहायला तिसऱ्या मजल्यावर. जिने चढताना कठड्याला धरून हात दुखतो का त्यांचा?"

आम्ही तळमजल्यावर राहतो. इमारतीला वरती एक मजला आणि गच्ची आहे, बस्स. तिसऱ्या मजल्यावर राहायचं तर पतंगाला लटकावं लागेल.

"आणि पोहणं?" बाई म्हणाली. "त्या पोहायला शिकवायच्या ना? इतक्यात पाण्यात उतरू नका म्हणावं."

मेहुण्याच्या तोंडातला चहा नाकातून आला. ही बादलीत वाकून पाहतानासुद्धा कडी घट्ट धरते.

"आणखी एक. आमची ताई येईल तेव्हा दोन्ही कुत्रे बांधून ठेवाल ना? मोठे आहेत असं लिहिलंय."

आमच्याकडे आजवर मांजरसुद्धा टिकलेलं नाही.

आता मी जाळं टाकलं. "बाई," मी आवाज भाबडा करून म्हणालो, "माझ्या बँकेच्या खात्याचा नंबर देऊ का? लिहून घ्या. नऊ, चार..."

"अहो नको, नको!" बाई जवळजवळ ओरडलीच. "असा नंबर कोणालाही सांगू नका. आम्ही असलं काही कधीच विचारत नाही. तुम्हाला माझी शंका येत असेल तर तसं सांगा, मला राग नाही. फोन ठेवा आणि दवाखान्याच्या कार्डावर नंबर आहे, त्यावर तुम्ही स्वतः फोन करून विचारा. मी सांगितलेल्या नंबरावरसुद्धा करू नका. कार्डावरच्याच करा."

मी फोन ठेवला. कपाळावरचा घाम पुसला.

"पाहिलंस? केवढी तयारीची बाई आहे. खरा नंबरसुद्धा घेत नाही!"

"भावोजी," मेहुणा सावकाश म्हणाला, "ती म्हणतेय त्या नंबरावर एकदा फोन करून बघायला काय हरकत आहे?"

"हेच! हेच तिला हवंय! चोर स्वतः सांगतो की जा, पोलिसांना विचारून ये, तेव्हा समजायचं की पोलीसही त्याला सामील."

"आणि दवाखाना?"

"दवाखानाही."

"डॉक्टर?"

"त्यांचा तर मास्क होता. चेहरा कोणी पाहिलाय?"

मेहुणा उठला. "मला एक पंक्चर काढायचंय," म्हणाला. त्याच्या दुकानापुढे एकही सायकल नव्हती.

मी दवाखान्याचं कार्ड भिंतीवरच्या खिळ्यावरून काढलं आणि पुरावा क्रमांक एक म्हणून बटणांच्या डब्यात, बटणांच्या खाली, ठेवून दिलं. शत्रूच्या हाती लागायला नको.

बुधवारी तिसरा फोन आला.

"बाई घरी नाहीत," मी सांगितलं.

"कुठे गेल्यात?"

"समुद्रावर."

"पोहायला?" बाई घाबरली. "अहो, टाके निघून अजून तीन आठवडेही झाले नाहीत!"

मी फोन ठेवला. त्या दिवशी मी टोळीचा संपूर्ण नकाशा कागदावर काढला. मध्यभागी गोड बाई. तिच्या डावीकडे चमचेवाला. उजवीकडे डॉक्टर. खाली, प्रश्नचिन्ह घालून, मेहुणा.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मी नकाशाला रंग देत होतो. ही खिडकीशी बसली होती. मांडीवर माझाच सदरा, त्याचं वरचं बटण महिनाभर तुटलेलं. हिनं उजव्या हातात सुई धरली. सुई पडली. हिनं ती डाव्या हातानं चाचपून उचलली, पुन्हा उजव्या हातात दिली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ही तिला शोधायला वाकली नाही. तशीच बसली, खिडकीबाहेर बघत.

"असू दे," मी म्हणालो. "मी लावतो बटण."

"तुम्ही लावलेलं बटण शिंकल्यावर तुटतं," ही म्हणाली. आवाजात रोजचा खट्याळपणा नव्हता. "अहो, त्या व्यायामवाल्यांचा फोन यायचा होता. डॉक्टर म्हणाले होते, तीन आठवड्यांच्या आत. आज तीन आठवडे झाले. बहुतेक आपला नंबर लागला नाही."

माझ्या हातातला रंगीत खडू थांबला.

त्याच वेळी मेहुणा चहाला दारात आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. आणि त्या घरभेद्यानं तोंड उघडलं.

"ताई, फोन आला होता की. तीन वेळा. यांनी ठेवून दिला. आज बारापर्यंतची मुदत आहे."

खोलीत शांतता पसरली. पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत मी अशी शांतता एकदाच अनुभवली होती. नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या, तेव्हा.

"ती टोळी आहे," मी म्हणालो. "तुझं वय एकावन्न सांगत होती."

"कार्ड कुठे आहे?" ही म्हणाली.

"कोणतं?"

"खिळ्यावरचं. दवाखान्याचं."

"तो आता पुरावा क्रमांक एक आहे. त्याला हात लावायचा तर..."

हिनं डावा हात पुढे केला. मी बटणांचा डबा आणून दिला. हिनं तो गुडघ्यांत धरला, डाव्या हातानं झाकण काढलं, सगळी बटणं जमिनीवर ओतली आणि कार्ड उचललं. उलटं केलं. मागे दवाखान्याचा नंबर छापलेला होता. त्याच्याखाली "कोणतीही शंका असल्यास याच नंबरावर विचारा" असंही होतं. कार्डाची मागची बाजू! तिथे बघायचं कोणाच्या डोक्यात येईल?

"लाव रे," ही मेहुण्याला म्हणाली. "माझा अंगठा बटणावर चालत नाही."

त्यानं नंबर लावला. पलीकडून एक पुरुषी, कंटाळलेला, अस्सल सरकारी आवाज आला. मला हायसं वाटलं.

"हो, आमच्याकडूनच फोन केलेत," तो म्हणाला. "तीन वेळा केलेत. तुमच्या घरी कोणी गृहस्थ असतात का? त्यांनी कालच्या फोनवर पेशंट समुद्रात आहे म्हणून सांगितलंय. आमच्या बाई कालपासून काळजीत आहेत."

"ते घरचेच आहेत," ही म्हणाली. "जागा आहे का अजून?"

"एक आहे. पण तुमच्या माहितीत काही तरी घोळ दिसतोय. बाराच्या आत खिडकीवर येऊन नीट करून जा, मग नाव घेतो."

मेहुण्यानं दुकानाचं दार ओढलं. आम्ही तिघंही निघालो. मी मागून चालत होतो, म्हणजे पाळत ठेवायला सोपं जातं, आणि हिच्याशी बोलावंही लागत नाही.

दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसानं हिचा अर्ज काढून काचेखालून पुढे सरकवला. हिनं वाचला. मेहुण्यानं हिच्या खांद्यावरून वाचला. वय एकावन्न. मजला तिसरा. व्यवसाय, पोहण्याची शिक्षिका, निवृत्त. घरात पाळीव प्राणी, दोन कुत्रे, मोठे, अनोळखी माणूस दिसला की सुटतात.

अक्षर टपोरं होतं. एकेक अक्षर सुटं, काळजीपूर्वक, टाके मोजून घातल्यासारखं.

"अहो," ही म्हणाली, "हे तुमचं अक्षर."

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. तपास असा आपल्याच दारात येऊन उभा राहिला की गुप्तहेरानं डगमगू नये.

तर झालं होतं असं. ऑपरेशनच्या दिवशी हिच्या हाताला पट्टी होती, म्हणून कागद माझ्या हाती आले. लिहायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, तेव्हापासून रिकामी चौकट दिसली की मला ती भरल्याशिवाय राहवत नाही. त्यात आमचं तत्त्व, खरी माहिती द्यायची नाही. तळमजल्यावर चोराला शिरणं सोपं, म्हणून तिसरा मजला. कुत्रे संरक्षणाला. पोहण्याचं का लिहिलं ते मला आज आठवत नाही, पण त्या वेळी त्यामागे नक्की काही तरी डाव होता. फोन नंबरही मी खोटाच देणार होतो, पण तिथल्या नर्सनं समोरच लावून पाहिला. आणि एवढा पक्का बंदोबस्त केल्यावर तो मी साफ विसरून गेलो. उत्तम गुप्तहेराची हीच खूण आहे. त्याचं गुपित त्यालाही ठाऊक नसतं.

"म्हणजे भावोजी," मेहुणा म्हणाला, "तीन दिवस तुम्ही तुमच्याच थापा पकडत होतात."

"आणि पकडल्या की नाही?" मी म्हणालो. "एकही सुटली नाही."

खिडकीतल्या माणसानं पेन काढलं. "बोला पटापट. काय काय खोडू?"

"मजला खोडा," ही म्हणाली. "तळमजला लिहा. पोहणं खोडा, काज-बटण लिहा. कुत्रे खोडा."

"वय?"

ही थांबली. अर्जाकडे जरा वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे, सकाळपासून पहिल्यांदाच थोडं मऊ.

"ते तेवढं यांनी मनापासून लिहिलंय," ही म्हणाली. "राहिलं तर चालेल का?"

"नाही चालत."

"मग सहासष्ट लिहा," ही उसासा टाकून म्हणाली. "पण बारीक अक्षरात."

त्यानं लिहिलं, शिक्का मारला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती. आठवी जागा आमची झाली.

घरी परतताना हिनं मला तीन अटी घातल्या. असा फोन आला की ज्याच्यासाठी आहे त्याला आधी सांगायचं. शंका आली तर फोन ठेवून कार्डावरच्या नंबरावर विचारायचं. आणि कार्ड खिळ्यावरच राहील. मी म्हणालो, गुप्तहेराच्या पद्धतीत हे बसत नाही. ही म्हणाली, मग गुप्तहेराला जेवणाच्या पाटावरही बसता येणार नाही. मी पद्धत बदलली. घड्याळजीलाही मी हे जाऊन सांगितलं. त्यानं मान वर करून ऐकलं आणि दुकानातल्या फोनशेजारी बँकेच्या पासबुकावरचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून चिकटवला. आकडे मीच काढून दिले. या वेळी खरे.

सोमवारी सकाळी व्यायामवाली ताई यायची होती. मी शर्ट बदलला. जमिनीवरची शेवटची बटणं अजून मिळत होती, ती वेचत दारामागे दबा धरून बसलो. खरी ताई आहे की नाही हे एकदा नजरेखालून घालायला हवं ना! बाहेर पावलं वाजली आणि फाटकापाशी थांबली. खिडकीतल्या माणसानं कुत्रे खोडले होते, पण ताईच्या हातातली यादी जुनी असावी.

"ओ बाई!" ताई फाटकाबाहेरूनच ओरडली. "कुत्रे बांधलेत का?"

मी कडी न काढता दाराच्या फटीतून दरडावलं, "कोण आहे? कोणी पाठवलं? ओळखपत्र दाखवा!"

ताई दोन पावलं मागे सरली.

आतून हिचा आवाज आला, खणखणीत, पहिल्यासारखा.

"या हो ताई, या बिनधास्त! एकच आहे. नुसता भुंकतो, चावत नाही."